चौदा किलोमीटरची डबलसीट

सन दोन हजार चोवीस. दिवाळी होऊन चार दिवस झालेले. बांधीत धान कापून पडलेलं, सकाळी पाना हातात घेतला की गार लागायचा. त्या दिवशी गजभिये गुरुजी दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मिस्त्री, पौर्णिमा झाली की मी पुण्याले जाऊन राह्यलो. पोराकडं. कायमचा."

मी चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होतो. हात थांबवला नाही. म्हटलं, "आणि माह्यावरचे चौदा किलोमीटर?"

"राहू दे तुह्याकडं."

राहू दे! आजवर मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

हे चौदा किलोमीटर काय आहेत ते सांगतो. पण एक सांगायला गेलं की दहा निघतात. सायकलच्या दुकानात किस्से बेअरिंगच्या जुन्या छर्ऱ्यांसारखे साचतात. फेकायचे म्हणून डब्यात टाकतो, डबा भरतो, आणि एखादा काढायला गेलं की सगळे घरंगळतात. मी चौथी शिकलो. जसे घरंगळतील तसे सांगतो.

रविवारी सकाळी बालाघाटात माझ्या दुकानासमोर चार सायकली उभ्या राहतात. माझी, गुरुजींची, बिसेनभाऊंची आणि डॉक्टरीणबाईंची. चारही स्टीलच्या फ्रेमच्या, लांब जाणाऱ्या, मागंपुढं कॅरिअर असलेल्या. दुसऱ्या धातूची सायकल घेऊन कोणी आला तर त्याला चहा मिळतो. स्टूल मिळत नाही.

*

हे चौदा किलोमीटर झाले तेव्हा माझं वय तेहतीस होतं. आज त्र्याहत्तर आहे. गुरुजी माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, शाळेवर मास्तर. सुटी आली की आम्ही दोघं बैहरच्या घाटात जायचो. तंबू नव्हता. ताडपत्री, दोन चादरी, शिजवायला एक गंज आणि पावशेर डाळ. आता याला बाइक कॅम्पिंग म्हणतात. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो.

त्या वर्षी मी नवी सायकल बांधली होती. फ्रेम मीच कापली, पुढचं चाक धरणारा चिमटा मीच पितळेनं जोडला. गावभर दाखवली. घाट उतरून गांगुलपाऱ्याच्या तलावापाशी आलो आणि चिमटा तुटला. माझ्याच हातचा जोड! मी रस्त्यावर, पाय घोट्यातून सुजलेला. बांबूचा एक ट्रक आला. त्यानं सायकल वर टाकली, पण केबिनमध्ये आधीच पाच माणसं होती.

गुरुजींनी मला आपल्या कॅरिअरवर बसवलं आणि चौदा किलोमीटर आणलं. घरापाशी उतरवल्यावर घाम पुसत म्हणाले, "मिस्त्री, तुह्या चिमट्यापेक्षा तुहं पोट मजबूत आहे!"

मी म्हटलं, "हे उधार राह्यलं. तुमची सायकल रस्त्यात बिघडंल त्या दिवशी चौदाच्या चौदा परत करीन."

पुढं माणसं वाढली तसा तोच आमचा नियम झाला. रस्त्यात दुरुस्त होणार नाही असा बिघाड झाला, तर दुसऱ्यानं डबलसीट घरी आणायचं. ज्याला आणलं त्यानं तितकेच किलोमीटर परत करायचे, तेही समोरच्याचा तसाच बिघाड झाला तर. सहज मागं बसवून फिरवलं तर ते धरत नाहीत. बिसेनभाऊंनी माझे सहा किलोमीटर एका पावसाळ्यात फेडले. डॉक्टरीणबाईंनी बिसेनभाऊंचे तीन फेडले. माझ्यावरचे चौदा मात्र तसेच.

कारण गुरुजींची सायकल चाळीस वर्षांत रस्त्यात एकदाही बिघडली नाही. बिघडेल कशी? ती मी बघतो.

*

डॉक्टरीणबाई नागपूरच्या. लग्न होऊन इथं आल्या, दातांचा दवाखाना टाकला. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा सायकल झकास होती आणि मान वाकडी होती.

"काका, गर्दन बहुत दुखती है. पण फिटिंग तर मी शहरातून करून आणलीय. कॉम्प्युटरवर. हा बघा रिपोर्ट."

रिपोर्ट चार पानी होता. सीटची उंची अडुसष्ट पॉइंट दोन, हँडल इतकं, कोपराचा कोन तितका. मी तो घडी करून त्यांना परत दिला. टाच पॅडलवर ठेवायला सांगितली आणि सीट लावली. त्यांचं कोपर सीटच्या टोकाला टेकवून बोटं हँडलकडं नेली. हँडल तीन बोटं लांब निघालं. मी दांडी बदलून ते जवळ आणलं, वर घेतलं.

बाईंना काही हे पटेना. पर्समधून टेप काढून त्यांनी सीट मोजली. पुन्हा मोजली. अडुसष्ट पॉइंट दोन!

माझ्याकडं बघतच राहिल्या. "काका, बिना कॉम्प्युटर के?"

मी म्हटलं, "सीटचं तुमच्या कागदानं बरोबर लिहिलं आहे. हँडलच्या वक्ताले त्याले झोप लागली असंल."

*

बिसेनभाऊ मलाजखंडच्या खाणीत सर्व्हेअर होते. रिटायर झाले आणि पार्ट मागवायला लागले. रोज कुरिअर. पॅडल जपानचं, घंटी जर्मनीची. मग एकदा विलायती चामड्याची सीट आली. दगडासारखी कडक. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं की चामड्याला तेल पाजा, नरम होईल.

बिसेनभाऊंचं मन मोठं. त्यांनी तेलाऐवजी घरचं गावरान तूप पाजलं. आठ दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ. सीट नरम झाली आणि वासही छान सुटला.

त्याच सीटवर ते आमच्यासोबत लांजीला आले. किल्ल्याजवळ सायकली लावून आम्ही मंदिरात जाऊन आलो. परत येऊन बघतो तर तीन कुत्री सायकलपाशी, आणि सीटच्या जागी दोन स्प्रिंगा!

बिसेनभाऊ खाली बसले. म्हणाले, "गुरुजी, हा बिघाड आहे. मले डबलसीट न्या."

आमच्यात बिघाडाचा निकाल गुरुजी देतात. त्यांनी चष्मा लावला, सायकलभोवती एक फेरी मारली, पॅडल हातानं फिरवून बघितलं.

"चाकं फिरून राह्यली ना?"

"हौ, पण बसू कुठं?"

"बसाचं काहून? बिघाड सायकलचा धरतात, बसणाऱ्याचा नाई."

बिसेनभाऊ स्प्रिंगांवर झोपायची चटई बांधून साठ किलोमीटर आले. त्यांच्या घरी तेव्हापासून तुपाला कुलूप आहे.

*

खैरलांजीकडच्या एका गावाबाहेर आम्ही दुपारी तंबू ठोकत होतो. जमीन सपाट आहे का ते बघायला बिसेनभाऊंनी सवयीनं टेप काढला. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला गुरुजी. "बारा फूट!" "लिहा!"

दहा मिनिटांत अर्धं गाव जमा झालं. कोतवाल पुढं आला. "साहब, किसकी जमीन जा रही है? नहर निकलेगी कि रोड?"

बिसेनभाऊ म्हणाले, "कोणाचीच नाही. आम्ही झोपाले मोजून राह्यलो."

यावर कोणाचा विश्वास बसेना. साहेब लोक खरं कुठं सांगतात! दोघातिघांनी आपापल्या बांध्या किती जुन्या आहेत ते सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून आली. तिनं माझे पांढरे केस बघितले, गुरुजींचे बघितले, तंबूत वाकून चादर बघितली आणि तिचे डोळे भरले.

"काहून बाबा, पोरांनी घराबाहेर काढलं का?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण गुरुजींचं लक्ष तिच्या हातातल्या टोपलीवर गेलं होतं. टोपलीत ताजी वांगी.

गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "हौ माय."

त्या संध्याकाळी आम्हाला भात, वांग्याची भाजी, पापड आणि वरून आमच्या पोरांच्या नावानं शिव्या मिळाल्या. माझी पोरं चांगली आहेत. मी भाजी दोनदा घेतली.

*

गुरुजी जाणार हे कळल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतना क्या है काका! गुरुजींना मागं बसवा, एक चक्कर मारून या. झालं."

गुरुजी कडक आवाजात म्हणाले, "बिघाड नाई तर डबलसीट नाई. मी काय फेरीले निघालेला नवरदेव आहो?"

बिसेनभाऊंनी मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, तुमच्याच हातात आहे. एक नट ढिला ठेवा ना."

मी त्यांना दुकानातून जायला सांगितलं. चहा अर्धा राहिला होता, तरी सांगितलं.

गुरुवारी गुरुजींची सायकल सर्व्हिसिंगला आली. पुण्यात नवव्या मजल्यावर ती जाणार नव्हती, तरी ते नेमानं घेऊन आले. सगळे छर्रे धुतले, ग्रीस भरलं, नवी चेन ग्रीस लावून चढवली. शेवटी डाव्या पॅडलची पिन राहिली. ती मी बसवली आणि तिचा नट दोन आटे कमी आवळला. का ते सांगायची गरज नाही.

दुकान बंद केलं. घरी जाऊन जेवायला बसलो. एक घास खाल्ला. गुरुजींचा गुडघा आधीच दुखरा, आणि त्यात पॅडल निसटलं तर? ताट तसंच ठेवून दुकानात आलो आणि नट आवळला. दोन आटे आणि वर एक.

शुक्रवारी गुरुजी सायकल न्यायला आले. पॅडल फिरवून हसले. "मिस्त्री, तुह्या हातानंच तुले अडवलं. घे, मी तं चाललो."

रात्री झोप लागली नाही. माणूस गावातून जाईल आणि त्याचं ओझं माझ्या पाठीवर राहील, हे मला चालणार नव्हतं. आणि इलाजही नव्हता.

*

शनिवारी आम्ही चौघं निघालो. गुरुजींना घाट आता होत नाही, म्हणून घाटाच्या अलीकडं गांगुलपाऱ्याच्या तलावावरच मुक्काम केला. जाताना गुरुजींची सायकल एकदाही कुरकुरली नाही. मी मागून ऐकत होतो.

रविवारी सकाळी उन्हं पाण्यावर आली होती. मी तीन दगडांवर चहा ठेवला होता. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "काका! गुरुजींची चेन!"

चेन सायकलखाली गवतात पडली होती. आमच्या जुन्या पद्धतीच्या चेनला एक लॉक असतो. नखाएवढी पत्ती. ती निघाली की चेन सुटते. गुरुवारी ती मीच बसवली होती, बंद बाजू पुढं करून. अशी बसवलेली पत्ती उभ्या सायकलची निघत नाही. चालत्याही सायकलची निघत नाही.

सगळ्यांनी गवत चाळलं. पत्ती मिळाली नाही. बिसेनभाऊंनी सोळा पात्यांचं विलायती हत्यार काढलं. सोळाही पाती उघडली आणि परत मिटली. डॉक्टरीणबाईंकडं लॉक होता, पण त्यांच्या गिअरवाल्या सायकलीचा, बारीक. बसेना.

गुरुजी एका दगडावर बसून चहा पीत होते. पांढरा सदरा. या माणसानं उभ्या आयुष्यात चेनला हात लावला नाही. खडूशिवाय दुसरं काही त्यांच्या बोटाला लागलेलं मी बघितलं नाही. आज त्यांचा अंगठा आणि शेजारचं बोट नखापर्यंत काळं होतं. नवं ग्रीस. मी लावलेलं.

मी बोटाकडं बघितलं. गुरुजींनी तलावाकडं बघितलं.

"बिघाड आहे का हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

गुरुजींनी चष्मा लावला नाही, सायकलभोवती फेरीही मारली नाही. "रस्त्यात दुरुस्त झाला तर नाई," ते म्हणाले. "मिस्त्रीले विचारा."

"काका, आपके पास तो होगा ना एक्स्ट्रा लॉक?"

माझ्या कमरेच्या पिशवीत कायम दोन लॉक असतात. कागदात गुंडाळलेले, तेल लावलेले. हे त्या तिघांनाही माहीत आहे.

मी म्हटलं, "नाही."

बिसेनभाऊंनी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

गुरुजींची सायकल रस्त्यानं जाणाऱ्या एका धानाच्या ट्रॅक्टरवर चढवली. गुरुजी माझ्या मागं बसले. सुरुवातीला हँडल हललं, मग सरळ झालं. चाळीस वर्षांपूर्वी ते मला घेऊन कसे आले असतील, ते पहिल्या चढालाच कळलं. पण उतरलो नाही.

"दमला का मिस्त्री?"

"बोलू नका. वजन वाढते."

उजवीकडं धान, डावीकडं धान, आणि मागं कॅरिअरची कुरकुर. पुढच्या चढाला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. गुरुजींनी माझ्या पाठीवर हात टेकवला. ढकलला नाही, नुसता टेकवला. मी म्हटलं, "काढा तो हात. नियमात नाही." त्यांनी काढला.

गुरुजींच्या फाटकापाशी त्यांचा मुलगा उभा होता. व्हरांड्यात ट्रंका बांधलेल्या. बापाला कॅरिअरवर बघून तो धावत आला. "बाबा! फोन केला असता तर गाडी पाठवली असती ना!"

"बिघाड झालता," गुरुजी म्हणाले. "मिस्त्रीनं आणलं."

ते उतरले. आधी चांगला पाय, मग दुखरा. सदरा नीट केला. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"चौदा," ते म्हणाले.

"चौदा," मी म्हटलं.