सरकारी नर

चोविसाव्या वर्षी माणसाला जितकं कळतं तितकं पुढे कधीच कळत नाही. मला तर त्याहून थोडं जास्तच कळत होतं, कारण मी ग्रामसेवक होतो आणि माझ्याजवळ पुस्तिका होती. नागपूरला आमचं शिक्षण झालं, त्यातली एक दुपार कोंबड्या-बदकांच्या वाट्याला आली. त्या दिवशी जेवण जड झालं होतं आणि शिकवणारेही पेंगत होते. पण निघताना प्रत्येकाच्या हातावर एक पुस्तिका पडली, आणि तेवढ्या बळावर मी चांदा जिल्ह्यातल्या तलावकाठच्या सात गावांचा उद्धार करायला सायकलवर निघालो.

आदल्या वर्षी योजना जपानी पद्धतीच्या धानाची होती. त्या वर्षी बदकांची निघाली. साधी बदकं नव्हेत, मस्कोव्ही नावाची, मोठ्या अंगाची, विलायती. नराची सोय तर फारच थोर होती. सरकारी वळू जसा गावोगाव फिरतो तसा एक सरकारी नर-बदक फिरणार होता. म्हणून पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की त्यांतले नर निवडून कचेरीत परत करायचे आणि माद्या लोकांकडे ठेवायच्या. परत आलेल्या नरांचं कचेरी काय करणार, हे पत्रकात लिहिलेलं नव्हतं. डाकबंगल्याच्या खानसाम्याला ते न लिहिताच कळलं होतं.

ढिवर मोहल्ल्यातल्या एका बाईला मी दहा पिल्लं दिली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. तलावातल्या मासोळीचा हिस्सा जाळं टाकणाऱ्या गड्याला मिळायचा, तेव्हा नवऱ्याबरोबर तिचा हिस्साही गेला. मग ती दुसऱ्यांची मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव विकत फिरायची. पिल्लं पदरात घेताना ती म्हणाली, "तलाव त्याईचा असन भाऊ, पन पान्यावरचं बदक तं माह्यं राहीन." अंडी विकायची, पिल्लं काढायची, आणि दीर-भासऱ्यांच्या दारात टोपलीसाठी उभं राहायचं नाही, एवढाच तिचा हिशेब होता. मला तो फार आवडला. माझ्या अहवालात तो आणखी चांगला दिसला.

तिने पिल्लं जपली. सकाळी पाण्यावर सोडायची, घारीवर डोळा ठेवायची, संध्याकाळी तांदळाची कनकी दाखवून घरी आणायची. सातव्या आठवड्यात आमचे साहेब जीपमधून नर न्यायला आले. नागपूरहून कोणी मोठे पाहुणे येणार होते आणि साहेबांना आदल्या दिवसापासून विकासाची घाई सुटली होती. अंगणात दहाही पिल्लं होती. साहेबांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि सहा धष्टपुष्ट पिल्लांकडे छडी केली. "हे नर. टाका गाडीत."

माझं रक्त तापलं. साहेबांना बदकातलं काही कळत नव्हतं, कळत होतं ते रश्श्यातलं, आणि त्यासाठी ते एका विधवेची सहा जाडजूड पिल्लं उचलून नेणार होते. मी पुस्तिका उघडली. नराच्या शेपटीत वर वळलेलं पीस असतं, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं. सहा मोठ्यांच्या शेपटीला अजून नुसती लव होती. बाकीच्या चार लहानखुऱ्यांना मात्र पिसं फुटली होती, आणि नुकतीच पाण्यातून आल्यामुळे ती थोडी वरही वळली होती. मला आणखी काय पाहिजे होतं?

"साहेब, नर हे चार आहेत," मी म्हणालो.

"एवढेसे? नर एवढेसे असतात का?"

"पुस्तिकेत आकाराबद्दल काही नाही, साहेब."

तेवढ्यात बाईने एक मोठं पिल्लू उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "भाऊ, याचे पाय पाहा ना किती जाड हायेत. मोठेच नेऊ द्या ना त्याईले."

बिचारी घाबरली, असं मला वाटलं. पिढ्यान् पिढ्यांची भीती! मी तिला तिथेच सुनावलं. "बाई, भ्यायचं काही कारण नाही. स्वराज्य आलं आहे. तुमच्या हक्काचं कोणी नेऊ शकत नाही."

"मी भेत नाई भाऊ, पन..."

"तुम्ही बोलू नका. मी आहे ना."

आयुष्यात वरिष्ठाशी मी इतकं ताठ कधी बोललो नाही, त्याआधीही नाही आणि त्यानंतर तर नाहीच. वर कळवीन, अशी धमकीसुद्धा दिली. शेवटी साहेबांनी चार लहान पिल्लं पोत्यात घालायला लावली आणि तोंड वाकडं करून ते निघून गेले. बाई जीपमागे धुळीत बराच वेळ पाहत उभी होती. ती भारावून गेली आहे असं मी समजलो, आणि सहज शीळ घालत सायकलवर बसलो.

हिवाळ्यात ठरल्याप्रमाणे सरकारी नर आला. बसच्या टपावर, टोपल्यात बसून. मी स्वतः तो बाईच्या अंगणात सोडला. रुंद डोकं, तोंडाभोवती लालभडक गाठी, जाड पिवळट पाय. मान पुढे काढून तो हिस्स करून फुत्कारला. समोरून सहा बदकं पुढे आली. रुंद डोकी, लाल गाठी, जाड पाय. तीही तशीच फुत्कारली. मी सरकारी नराच्या मागे जाऊन त्याची शेपटी पाहिली. ती सरळ होती. वळलेलं पीस साध्या बदकाच्या नराला असतं, मस्कोव्हीच्या नराला ते जन्मात येत नाही. पुस्तिका साध्या बदकांची होती. माद्यांना पिसं आधी फुटतात, एवढंच मी त्या दिवशी पाहिलं होतं.

मग सात नरांची जी जुंपली ती सोडवायला अर्धा मोहल्ला धावला. लोक पोट धरून हसत होते. बाई हसत नव्हती.

मी कचेरीला चार माद्या मागितल्या. बदकांची योजना बंद झाली असून यंदा मधमाश्या आहेत, असं उत्तर आलं. ते सांगायला मी तिच्याकडे गेलो. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस दुसऱ्यावर डाफरतो तसा मी तिच्यावरच डाफरलो. "तुम्हाला कळत होतं तर तेव्हाच ओरडून का नाही सांगितलं?"

ती टोपलीत मासोळी रचत होती. हात न थांबवता म्हणाली, "कशी सांगू? तुमी माह्याचसाठी भांडून राह्यले होते." मग माझ्याकडे वर पाहिलं. "सायेब खानारा होता भाऊ. खानाऱ्याले काय देऊन वाटेले लावावं, ते मले समजते. भल्या मानसाले काय देऊन लावावं?"