बावीस फेकींत वाडी

किस्से मुद्दाम जमवायला बसलात तर एकही हाताला लागत नाही. चार माणसं दरवर्षी पावसात एकत्र चिखल तुडवायला लागली की मात्र ते आपोआप साठतात, आणि मग चहाच्या दुसऱ्या कपाआधीच बाहेर पडतात!

आमचं टोळकं साखऱ्याचं. सालं सत्तरच्या आसपासची, तेव्हा आमचा जिल्हा परभणी. खेळ एकच, नारळफेक. नागपंचमी ते पोळा या दिवसांत पैज लागायची की या पारापासून त्या विहिरीपर्यंत इतक्या फेकींत नारळ न्यायचा. जिथे पडला तिथून पुढची फेक. फुटला तर तिथेच खायचा आणि त्या जागेवर नवा ठेवायचा. पावसाळ्याचा खेळ, त्यामुळे कोरड्या हाताने खेळल्याचं मला फारसं आठवत नाही.

टीममध्ये मी, म्हणजे गावातला टेलर. गौतम गुरुजी, शाळेतले मास्तर आणि आमचे अंपायर. त्यांचा शब्द म्हणजे हायकोर्ट. आणि कोंडिबामामा, आमचा हुकमी एक्का. किरकोळ अंगाचा माणूस, पण हातातून नारळ सुटला की बघणाऱ्याची मान दुखायची.

*

एकदा पावसाने अशी झोड उठवली की मामांच्या हातात नारळ ठरेना. राख चोळली, माती चोळली. शेवटी देवाचं नाव घेऊन मामा धावले, फेकणार तोच पाय घसरला. मामा पुढे आणि नारळ मागे! चांगला वीस पावलं मागे, आम्ही जिथून आलो होतो तिकडे.

आम्ही म्हणालो, "गुरुजी, ही फेक धरू नका."

गुरुजी छत्रीखालून म्हणाले, "फेक ती फेक. मागं गेली म्हणून ती फेक न्हाई व्हय?"

चिखलातूनच मामा म्हणाले, "बराबर हाय. पण मला उठवा तर आधी!"

*

काळ्या रानात नारळ पडला की रुतायचा. एका साली ज्वारीत पडलेला नारळ आम्ही तासभर शोधला. पाऊस चालूच. अखेर मामांच्या पायाला टणक लागलं. काढून बघतो तर काळा ठिक्कर, पोकळ नारळ. गेल्या पंचमीला हरवलेला!

मामा म्हणाले, "सापडला ना? आता इथूनच फेकतो."

गुरुजींनी तो कानाशी हलवून बघितला. "फेका की. पण मग गेल्या सालची पैज जिंकाल, औंदाची न्हाई."

*

बहात्तरला पाऊसच आला नाही. रान दगडासारखं. नारळाला कोण पैसे घालणार? पंचमीला आम्ही तिघे पारावर नुसते आभाळ बघत बसलो. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं पावसाला शिव्या दिल्या, त्या सगळ्या लाडाच्या होत्या.

*

मामांना एकच लेक, सुमन. लग्नाआधी खेळ बघायला यायची, पोत्याची खोळ घेऊन. खोळ स्वतःच्या डोक्यावर नाही, बापाच्याही नाही. पुढच्या फेकीच्या नारळावर धरायची!

मामी ओरडायच्या, "अगं, बाप भिजून राहिला!"

"बा भिजला तर वाळतो. नारळ वल्ला झाला तर हातातून सुटतो!"

मामा हे गावभर सांगत फिरायचे. अशा लेकीला लांब द्यायची नाही म्हणून त्यांनी तिला शेजारच्या वाडीत दिली. मधे एक शिवार आणि एक ओढा. मामीला वाटलं, हाक मारली की लेक येईल.

*

पण व्याही होते रंगनाथराव! स्वतः जुने नारळफेके आणि हट्टाला एक नंबर. पहिल्या पंचमीला मामा लेकीला आणायला गेले.

रंगनाथराव म्हणाले, "रानात निंदणी हाय, इवाई. पुढल्या साली न्या."

पुढल्या साली विहीणबाईंची कंबर धरली. दोन पंचम्या सुमन माहेराला आली नाही. झोके खेळणाऱ्या बाया दिसल्या की मामी घरात निघून जायच्या.

तिसऱ्या साली पंचमीच्या आधी बाजारात आम्हा तिघांची त्यांच्याशी गाठ पडली. मामांनी पुन्हा विषय काढला. रंगनाथराव चारचौघांत म्हणाले, "तुमी लई फेकणारे ना? पंचमीला तुमच्या मारुतीपासून आमच्या पारापर्यंत या, बावीस फेकींत. नारळ पाराला लागला तर लेक घेऊन जावा. न्हाई तर पोळ्याचं बघू."

गुरुजी भडकले. "लेक हाय ती! पैजेला लावायची चीज हाय का?"

मामा खाली बघत म्हणाले, "गुरुजी, हात जोडून झाले दोन साल. आता मला फेकण्याबिगर दुसरं काई येत न्हाई."

*

मामांचा खांदा तेव्हा दुखत होता. मामी रोज करडीचं तेल चोळायच्या. आम्ही प्रॅक्टिस करून बघितली, सव्वीसच्या खाली काही येईना. मी तर आशा सोडली.

आदल्या दिवशी आम्ही मामांच्या घरी गेलो. अंगणातल्या लिंबाला नवा कोरा झोका बांधलेला.

गुरुजींनी हळूच विचारलं, "मामी, सुमन न्हाई आली तर?"

मामी दोर ओढून बघत म्हणाल्या, "तर मी बसंल की! बांधला झोका सोडायचा नसतो."

गुरुजी चहा न घेताच निघाले. रस्ताभर चष्मा पुसत होते, म्हणे पावसाचं पाणी.

*

पंचमीला सकाळपासून धो धो. अर्धं गाव मागे, पुढे मामा. पहिल्या दहा फेकी अशा गेल्या की मी मोजायला घाबरत होतो. ओढा एका फेकीत पार! पण पंधरावीनंतर हात उतरला. प्रत्येक फेकीला मामा दात आवळायचे. एकवीस झाल्या तेव्हा पार लांब दिसत होता. पारावर वाडीची माणसं, पुढे रंगनाथराव. मागे वेशीत सुमन, हातात पिशवी घेऊन.

बाविसावी फेक मामांनी सगळा जीव ओतून टाकली. नारळ गेला आणि पाराच्या अलीकडे, गाडीवाटेच्या चाकोरीत पडला. पंधरा-वीस पावलं कमी.

वाडीतलं कोणी तरी म्हणालं, "संपलं!"

"न्हाई!" गुरुजी ओरडले. "नारळ थांबंस्तोवर फेक संपत न्हाई!"

खरंच, चाकोरीतून पाणी पाराकडे धावत होतं आणि नारळ त्यावर तरंगत निघाला होता! आम्ही सगळे दोन्ही बाजूंनी त्याच्याबरोबर चालू लागलो. पावलापावलाने नारळ पुढे गेला, आणि पार दोन हातांवर असताना चाकोरीत अडकलेल्या कडब्याच्या पेंढीला टेकला. तिथेच डुलायला लागला.

मामा नारळाकडे बघतच नव्हते. ते वेशीकडे बघत होते.

गुरुजी वाकून नारळाकडे बघत राहिले.

तेवढ्यात रंगनाथरावांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले.

गुरुजी म्हणाले, "नारळाला हात लावायचा न्हाई हं!"

"नारळाला कोण लावून राहिलंय?" रंगनाथराव खेकसले. "पाणी तुंबलं हे दिसत न्हाई का? आमच्या गावची वाट हाय. साफ नको करायला?"

आणि त्यांनी पेंढी उचलून बाजूला टाकली. नारळ एक गिरकी घेऊन निघाला आणि टक् करून पाराला लागला.

"बावीस!" गुरुजी म्हणाले.

सुमन धावत आली. मामांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण खांदा वर उचलेना. मग तिनेच डोकं खाली वाकवलं. बापलेक साखऱ्याच्या वाटेला लागले.

रंगनाथरावांनी वर बघितलं नाही. भर पावसात, वाकून, ते ओढ्यापर्यंतची सगळी चाकोरी साफ करत राहिले.