दोनदा सांगावं लागणारी गाडी

माझा नवरा कावीळ होऊन गेला. गाडीमुळे नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गाडीचं स्टीअरिंग खिळखिळं झालं होतं असं म्हटलं की ऐकणारा लगेच हळहळायच्या तयारीत बसतो. तशी गरज नाही. तो दवाखान्यातल्या खाटेवर गेला, भर दुपारी, आणि गाडी तेव्हा नागपूरजवळच्या वाडीला आमच्या दारापुढच्या कडुनिंबाखाली उभी होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अमरावती रोडवर गोदामांच्या मागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. सासऱ्यांनी कधीकाळी लष्कराच्या लिलावात एक पिकअप घेतली होती. नाक लांब, मागे फळ्या ठोकलेला हौदा. नरखेडकडच्या बागांमधली संत्री भरून नागपूरच्या बाजारात आणायची, हा घरचा धंदा, आणि गाडी चालवायचा माझा नवरा. स्टीअरिंगला इतका प्ले आला होता की चाक चांगलं पाव वेढा फिरवलं तरी गाडी सरळच जायची आणि मग अचानक आठवल्यासारखी वळायची. लग्नानंतर एकदा त्याने मला गोदामापुढच्या रिकाम्या मैदानात चाक धरायला दिलं होतं. मी घाबरून ओरडले तेव्हा म्हणाला, "अवं, बहिरी हाय हे. हिले दोनदा सांगा लागते."

तो गेल्यावर मीच तशी झाले. जेव म्हटलं तर दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत मी ताटाकडे बघत असायची. बायका भेटायला यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरचा ओलाव्याचा डाग बघत राहायची. मला रडू येत नव्हतं. त्याचं त्यांना नवल वाटे, काहींना संशयही येई. मला त्याचंही काही वाटत नसे. आतून मी लाकूड झाले होते आणि लाकडाला कसली लाज?

माझं माहेर उमरेडचं, विणकराचं. रविवारी भाऊ मला न्यायला येणार होता, कायमची. त्याचा निरोप आला, इकडून होकार गेला, सगळं माझ्या डोक्यावरून. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही स्वतःला विचारलं नाही. एवढं मात्र कळत होतं की तिथे गेल्यावर मागाच्या खटखटीत, भावजयीच्या संसारात, मी जन्मभराची बिचारी होणार. इथे निदान सून होते. पण हे सांगायचं कुणाला? सासूबाईंनी हात वर केले होते. "मोठ्यायचं मोठे पाहातीन," म्हणाल्या. मोठे म्हणजे सासरे. आणि सासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीत नव्हती.

ही रीत आता सांगितली तर आजच्या पोरी हसतात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. सासऱ्यांना मामाजी म्हणे, पण त्यांच्यामागे. समोर अवाक्षर काढायचं नाही. त्यांना पाणी हवं असलं तर ते सासूबाईंना म्हणत, "तिले सांग, पानी आन म्हना." मी तिथेच हातभर अंतरावर उभी. पण सासूबाईंनी "पानी दे वं" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. मला ऐकू आलेलं असायचं, ऐकू आलं असं दाखवायचं नसायचं. लग्न झाल्यापासून माझा त्यांचा व्यवहार असा घाटावरून वळसा घालून चाले.

आंबिया बहाराची संत्री उतरायची वेळ तोंडावर आली होती. आता गाडी मामाजींनाच चालवावी लागणार होती, आणि मुलासारखं ते चाक ओढत बसण्याचं बळ त्यांच्या खांद्यात राहिलं नव्हतं. मुलगा होता तोवर "चालते नं, मंग काहून खर्च?" म्हणून ढकललेलं काम त्यांनी त्या आठवड्यात काढलं. जुने मिस्त्री होते ते. टाय रॉडचे नवे एंड, किंग पिन, बुश असे स्टीअरिंगच्या सांध्यांचे सगळे भाग बाजारातून आणून त्यांनी पोत्यावर मांडले. गाडीचं नाक जॅकवर चढवून खाली लाकडाचे ओंडके सरकवले.

पण आधी झीज कुठे कुठे आहे ते बघायचं होतं, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून चाक डावं-उजवं करायचं, दुसऱ्याने खाली निजून सांध्यांवर हात ठेवायचा. कुठला सांधा ढिला आहे ते तळहाताला कळतं. वर आजवर मुलगा बसायचा.

मामाजी गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग सासूबाईंना म्हणाले, "तिले बसव."

मी पदर कपाळाखाली ओढून वर चढले. सासूबाई दारात अंबाडीची भाजी निवडायला बसल्या. मामाजी खाली सरकले. त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"तिले म्हना, डावीकडे घे," गाडीखालून आवाज आला.

"डावीकडे घे वं," दारातून आवाज आला. मग मी चाक डावीकडे घेतलं.

"उजवीकडे म्हना."

"उजवीकडे घे वं."

असं चाललं. गाडी बहिरी, मी बहिरी, मध्ये सासूबाई. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. कधी सासूबाई भाजीतली काडी काढण्यात गुंगत आणि मामाजी खाली खोळंबून पडत. मला ऐकू येत होतं. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत बसत होते.

मग आत चुलीवरचं दूध उतू गेलं आणि सासूबाई उठून धावल्या. माझे हात डावीकडे चाक फिरवत होते.

"थांब म्हना तिले!"

शब्द मला स्वच्छ ऐकू आला. पण तो माझा नव्हता. तो सासूबाईंचा होता, माझा त्यांच्याकडून यायचा होता. माझे हात चाक फिरवतच राहिले.

"थांब वं पोरी! बोट! बोट!"

मी थांबले.

"उलटं घे. हळू. मले सोडव."

मी चाक उलटं घेतलं. मामाजी बाहेर सरकले. रॉड आणि अॅक्सलच्या मध्ये त्यांचं बोट चेमटलं होतं, नख काळंनिळं, रक्त कोपरापर्यंत. मी उतरून हळद आणि चिंधी आणली आणि बोट बांधू लागले. त्यांच्या हाताला मी पहिल्यांदाच हात लावत होते.

"तुले आयकू आलं होतं नं?" त्यांनी विचारलं. थेट मला.

मी मान हलवली.

"मंग काहून थांबली नाई?"

"आत्याबाईनं सांगतलं नव्हतं."

ते माझ्याकडे बघून हसायला लागले. मुलगा गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. हसता हसता त्यांचा आवाज फाटला, आणि ते चाकाला पाठ टेकून मोठमोठ्याने रडू लागले. मी बोट धरून बसले. मला रडू आलं नाही, पण बोट सोडावंसंही वाटलं नाही. सासूबाई दुधाचं पातेलं हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

डोळे पुसून मामाजी म्हणाले, "चाल, बस वर. आता मीच सांगीन."

उरलेलं काम तसंच झालं. ते सांगत, मी करी. किंग पिनचे बुश लेथवाल्याकडून घासून आणले. नवे एंड बसले, ग्रीस भरलं. शेवटी त्यांनी परत सांध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हालव." मी चाक तसूभर हलवलं आणि खालची दोन्ही चाकं त्याच क्षणी हलली. माझ्या तळहातांना ते कळलं. आणि मला एकदम राग आला. इतकं सोपं होतं तर तो होता तेव्हा का नाही केलं? रात्रंदिवस ओढायचा हे चाक, खांदे चोळत यायचा. राग इतका आला की दात दुखले. किती दिवसांनी काहीतरी आलं होतं.

रविवारी भाऊ आला. चहा झाला. माझी ट्रंक दारात ठेवलेली होती. मी भिंतीशी उभी होते आणि माझ्याविषयीचं बोलणं माझ्यासमोरून इकडून तिकडे जात होतं.

"तिकडे आईजवळ राहीन, तं तिचं मन लागन," भाऊ म्हणाला.

"आमची काई ना नाई," सासूबाई म्हणाल्या.

भाऊ मामाजींकडे वळला. "तुमचं काय म्हननं हाय? नेऊ नं हिले?"

मामाजींनी चिंधी बांधलेलं बोट कपाच्या कानातून सोडवलं, कप खाली ठेवला.

"मले काय इचारता," ते म्हणाले. "तिले इचारा. तिले आयकू येते."

सगळे माझ्याकडे बघू लागले. भाऊही वळला. त्यानेही मला कधी काही विचारलं नव्हतं.

"मी नाई येत," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.