तळ्याच्या पाण्यात वाढलेली नदीची पिल्लं

तळेगावहून फोन आला तेव्हा मी सरांच्या बरण्यांवरची धूळ पुसत होते. सर म्हणजे माझे यजमान. आर्वीत सगळेच त्यांना सर म्हणत, म्हणून चारचौघांत मीही तेच म्हणायचे. तळ्याजवळ भाजीपाला लावणारा एक ओळखीचा शेतकरी बोलत होता, "काकू, सर पाण्याचा डबा भरून तळ्याच्या पाळीवर बसले, अन् उठूनच नाई राह्यले. लवकर येजा." मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डबा मात्र काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट लावलेलं... तो डबा त्या शेतकऱ्यानेच नंतर घरी आणून ठेवला.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींनी झपाटलं होतं. कोणती कुठे सापडते, कुठे अजिबात सापडत नाही, हे शोधत जिल्हाभर हिंडायचे. पाणी दिसलं की एसटी थांबवून उतरणार. समुद्रपूरला माझ्या भाचीच्या लग्नाला निघालो, तर वाटेत हे नव्या सदऱ्यानिशी गुडघाभर चिखलात, आणि माझ्या पिठाच्या चाळणीने गाळ चाळताहेत. चाळणी आहेराच्या पिशवीत कधी घातली, देव जाणे. बस निघून गेलेली. त्या लग्नात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तसा राग आता कुणावर धरू?

आमचा नेहमीचा वाद एका लांबट, टोकदार शंखाच्या गोगलगायीवरून. वर्धा नदीच्या दगडांवर मिळणारीच्या शंखावर उभे कंगोरे असतात, तळेगावच्या तळ्यातली गुळगुळीत. सरांच्या मते या दोन वेगळ्या प्रजाती. माझ्या मते एकच, कारण मला त्यांच्याशी भांडायला आवडायचं. शेवटी त्यांनी नदीतल्या काही माद्या तळ्याच्या पाण्यात, तळ्याच्याच गाळावर, खिडकीतल्या बरणीत ठेवल्या. ही गोगलगाय अंडी घालत नाही, पिल्लंच देते. संथ पाण्यातही पिल्लांना कंगोरे आले तर सर जिंकले, नाही आले तर तो नुसता पाण्याचा गुण.

"पिल्लं मोठी होऊ दे, मंग दाखवतो तुले," ते म्हणाले. "अन् मी हरलो तं आठवडाभर चहा मी करीन."

खसखशीएवढी पिल्लं काचेवर दिसू लागली आणि त्याच आठवड्यात हे गेले.

भेटायला येणारे येऊन गेले, मुलगीही पुण्याला परतली. घरात हालचाल म्हणून उरली ती बरणीतली. मी पाणी बदलत राहिले. त्यांनी भरलेला डबा संपला त्या दिवशी फार रडले. मग रिकामा डबा घेऊन तळेगावची एसटी धरली. कंडक्टरने डबा ओळखला असावा. तिकीट दिलं आणि डबा स्वतःच सीटखाली सरकवला.

काल सकाळी बरणी उजेडात धरली. पिल्लं आता गव्हाच्या दाण्याएवढी झाली आहेत. सरांचं भिंग लावून एकेक पाहिलं, पुन्हा पाहिलं. एकाच्याही शंखावर कंगोरा नाही, सगळी तळ्यातल्यासारखी गुळगुळीत.

"अहो," मी आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "हरलात तुम्ही."

मग चहाचं आधण न ठेवताच बसून राहिले. चहा त्यांनी करायचा होता.