चुगलखोर उशी

दादा, मिरजेच्या स्टेशनवर मला निरोप देताना तू रडत होतास आणि बाबा सामान मोजत होते. लग्नाला महिनाही झाला नव्हता. ह्यांची नोकरी कोयलीच्या रिफायनरीत, म्हणून मी बडोद्याला निघाले होते. गाडी हलताना बाबा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "परका मुलूख आहे, पोरी. कुणावर चटकन विश्वास टाकू नकोस." त्यांचे बाकीचे उपदेश मी कधीच विसरले, हा मात्र जन्मभर पाळला.

इथे आल्यावर मी दुधात बोट बुडवून बघायची, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायची. त्यात नवरा मिळाला दाब मोजणारी यंत्रं सांभाळणारा. ते म्हणायचे, "काटा हलतच नसेल, तर आधी नळी तुंबलीय का बघावं." म्हणजे सगळं ठीक दिसलं की संशय घ्यायचा! आमचं छान जमलं. ते गेल्यापासून मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच सगळ्यांवर नजर ठेवून असते.

गेल्या वर्षी माझं हृदय थकलं. पायांना सूज, चार पावलांत धाप. डॉक्टरांनी फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत शेंगदाण्याहून लहान सेन्सर बसवला. त्यात बॅटरी नाही. रोज सकाळी त्यांनी दिलेल्या जाड उशीवर पडायचं. उशीतून लहरी निघतात, त्यांच्याच जोरावर तो सेन्सर जागा होतो आणि आतला दाब उशीला सांगतो. उशी तो दवाखान्याला कळवते. मला काही हे पटेना. बॅटरी नसलेली वस्तू बोलेल कशी? शेजारच्या ज्योत्स्नाबेनना त्या उशीवर आडवं केलं, तर यंत्र म्हणालं, सिग्नल मिळत नाही. तरी माझी खात्री होईना.

मला मीठ बंद. पण वहिनींनी सांडगी मिरच्या आणि पापड पाठवले, आणि मी रोज थोडे तळायला लागले. चौथ्या दिवशी दवाखान्यातून नर्स हेतलचा फोन. "काकी, प्रेशर वध्युं छे. खारुं खाधुं ने?" दाब वाढलाय, खारट खाल्लंत ना, असं विचारत होती.

कढई पाहिली होती फक्त ज्योत्स्नाबेननी. घरभेदी! माझी किल्ली ह्यांच्याकडे, दूध ह्या घेणार, आणि चुगलीही ह्यांचीच? मी किल्ली परत मागितली. त्यांनी मुकाट्याने दिली, तेव्हा तर माझा संशय पक्काच झाला. "आपल्या माणसांत ये," असं तू किती वर्षं म्हणतोयस. त्याच रागात मी तुला फोन करून कायमची येते म्हणाले आणि भांडी बांधायला घेतली.

मग ज्योत्स्नाबेन लेकीकडे नडियादला गेल्या. म्हटलं, आता मोकळं रान! खिडक्या लावून रोज मिरच्या तळल्या. पुन्हा हेतलचा फोन आला. दाब आणखी चढला होता. तिने गोळी वाढवली आणि दम भरला, "आ वखते दाखल करवा पडशे." ह्या वेळी दवाखान्यात भरती करावं लागेल म्हणे. घरात मी आणि उशी, तिसरं कुणी नव्हतं. मला भीती वाटली, आणि लाज त्याहून जास्त.

ज्योत्स्नाबेन परत आल्या तशी किल्ली घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. सगळं सांगितलं.

"मने खबर हती," त्या म्हणाल्या. "तमे तो भगवानना दीवामांय तेल तपासो एवां छो." म्हणजे देवाच्या दिव्यातलंही तेल तपासून बघणारी मी! आणि त्या इतक्या हसल्या, की मलाही हसू आलं. त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली, चहा ठेवला. त्यात साखर किती पडतेय, ते मी वाकून पाहिलंच.

दादा, रागावू नकोस, मी येत नाही. माझ्यासाठी रिकामी केलेली खोली तुझ्या धाकट्या मुलाला दे. तिथे तुम्ही सगळे मला फार जपाल, आणि का जपताय ह्याचाच मला संशय येत राहील. माझ्या संशयाला हसून पुन्हा दार उघडणारं माणूस इथे आहे, आणि माझं घर आता तेच आहे.