अमावस्येची घार

माहेरहून माझ्याबरोबर सासरी जे काही आलं, त्यात जिवंत अशा दोनच गोष्टी होत्या: एक काळी कोंबडी आणि एक तांबडी. तिसरी मी, पण नव्या सुनेला जिवंत धरायचं की नाही, याबद्दल त्या काळी दुमत होतं.

कळवणहून मी नाशिकला सर्व्हिस मोटारीत आले ती कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन. निघताना आई म्हणाली होती, "शहरात अंडं बी इकत घेत्यात म्हने! तू नको घेऊ. आन् ह्या दोघींना जप. मला वाटंल, मीच तिकडं नांदतीय." आता असं म्हटल्यावर त्या कोंबड्या कोंबड्या राहतात का? माझ्या लेखी आईच अंगणात दाणे टिपत होती.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, ही पाहुणी मंडळी मुळीच पसंत नव्हती. त्या काही माळकरी नव्हत्या. रश्शाची वाटी त्या दोनदा भरून घेत. पण त्यांचं म्हणणं, "कोंबडी ताटात शोभते, तुळशीपाशी नाही." यावर मी मान खाली घालून "हो आत्याबाई" म्हणायची आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की तुळशीपाशीच दाणे टाकायची.

आमचं घर तांबट आळीच्या टोकाला. दिवस उगवला की ठोके सुरू. ठाण ठाण ठाण! नवा पाहुणा पहिल्या दिवशी कानात बोटं घालायचा, दुसऱ्या दिवशी ओरडून बोलायचा आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गावी जायचा. आम्ही मात्र दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत संसार करायला शिकलो होतो. शेजारच्या तांबटदादांचं आणि आमचं अंगण एकच. त्यांचे घासूनपुसून तयार झालेले हंडे, कळशा, घंगाळं रोज तिथं उन्हात पालथी मांडलेली असत. पावसाची झड असली की दादांची भांडी त्यांच्या पडवीत आणि माझ्या कोंबड्या आमच्या पडवीत.

श्रावणात काळीनं पिल्लं काढली. पिवळी, करडी, एक तर अगदी तिच्यासारखं काळंकुट्ट. मी कामं सोडून बघत बसायची. मग आला पोळा. म्हणजे अमावस्या, आणि अमावस्येला आमच्या आळीत कारागीर हातोड्याला हात लावत नसे. सगळीकडे शांतता, अंगण रिकामं, स्वच्छ ऊन. मी पुरणाला बसले होते. अंगणातून काळीची एक अशी किंकाळी आली की माझ्या हातातलं पुरण चुलीत पडलं. धावत बाहेर येते तो आळीतल्या पिंपळावरची घार वर चाललेली आणि तिच्या पंजात पिवळा गोळा! दुपारी ती पुन्हा आली आणि दुसरं नेलं.

मी कळवणची. मचाणावर उभं राहून बाजरी राखलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटीच्या तळाची गोफण काढली, पदर खोचला आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिले. घार वर घिरट्या घालत होती, पण खाली येईना. आली ती दवंडी!

"ऐका होऽऽ! घार, गिधाड, घुबड मारंल त्याला दंड होईल होऽऽ! सरकारी हुकूम हाय होऽऽ!" आणि डफावर थाप. गावाबाहेरची घाण ही पाखरं खातात, म्हणून त्यांना अभय, असा त्या हुकमाचा मतलब. दवंडीवाला बरोबर माझ्यासमोर थांबला. माझ्या हातात गोफण, गोफणीत दगड.

मी विचारलं, "आणि घारीनं माझी पिल्लं मारली तर तिला काय दंड?"

त्यानं डफ काखेत घेतला, जरा विचार केला आणि म्हणाला, "त्याचा हुकूम आजून आला नाय, वयनी."

संध्याकाळी आमचे हे घरी आले तेव्हा मी सगळा प्रवेश करून दाखवला. घार मी, दवंडीवाला मी, डफ म्हणून परात. हे हसून लोळायचे बाकी राहिले. "म्हणजे घारीला सरकारी नोकरी लागली म्हण!"

"बिनपगारी," मी म्हटलं. "पगार आपल्या अंगणातून."

आत्याबाई हसल्या नाहीत. पिल्लं निघाल्यापासून घार रोज वर फिरत होती, पण अमावस्येआधी एकदाही खाली उतरली नव्हती, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. "अमावस्येलाच उतरते ती साधी घार नव्हे," त्या म्हणाल्या आणि खुराड्यावर लिंबू-मिरची टांगली. काळीनं मिरची खाल्ली.

मी माझ्या परीनं डोकं चालवलं. रोज उतरत नाही, अमावस्येला उतरते. अमावस्येला काय नसतं? ठोके नसतात! घारीला आवाजाचं भय. एवढं सोपं होतं तर! माझाच मला इतका अभिमान वाटला की पुढच्या अमावस्येची मी वाटच पाहू लागले.

पुढची अमावस्या होती सर्वपित्रीची. त्या दिवशी मामंजींच्या नावानं पान वाढलं होतं. त्यांना आवडायची म्हणून अळूची भाजी, वडे, खीर. आत्याबाईंनी पान पडवीच्या पत्र्यावर ठेवलं आणि हात जोडून कावळ्याची वाट पाहू लागल्या. "काव, काव" म्हणून त्यांचा घसा कोरडा पडला. शेवटी एक कावळा आला. पत्र्याच्या टोकाला बसला. मान वाकडी करून अळूकडे बघू लागला. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

नेमकी तेव्हा मला घारीची सावली दिसली.

मग मी जी परात बडवली, जी बडवली! तोंडानं "हा हा हा हू हू" चाललेलं. कावळा जो उडाला तो गोदावरीपलीकडे गेला असावा. आणि घार? ती जन्मभर तांबटांच्या डोक्यावर राहिलेली. माझ्या परातीचं तिला काय कौतुक? ती सावकाश उतरली, माझ्यासमोरून ते काळंकुट्ट पिल्लू उचललं आणि जाता जाता पत्र्यावरचा एक वडाही घेऊन गेली.

आत्याबाई पान उचलून तरातरा आत गेल्या, तेव्हाच मी ओळखलं की आता धडगत नाही. रात्री जेवणं झाल्यावर त्या ह्यांना म्हणाल्या, "तुझे वडील उपाशी गेले. आता सांगून ठेवते. आणखी एका अमावस्येला या घरातलं पिल्लू गेलं, तर त्या दोघी कोंबड्या बुधवारच्या बाजारात. घरावर संकट आणणारं जनावर मला नको."

हे माझ्याकडे बघून पुटपुटले, "बाबा तरी अळू कुठं एवढं खायचे!" पण मोठ्यानं म्हणाले, "बरं, आई."

आईनं जपायला दिलेल्या त्या दोघी बाजारात पाय बांधून उलट्या टांगलेल्या माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागल्या. त्यात कोजागरीच्या सुमारास तांबडीनं पिल्लं काढली. काळीची उरलेली आता अंगानं भरली होती. घारीला ही नवीच हवी असणार. आणि येणारी अमावस्या होती लक्ष्मीपूजनाची.

माझा बेत साधा होता: दिवसभर सगळ्यांना पडवीत कोंडून ठेवायचं. पण सकाळीच आत्याबाईंनी खुराडं बाहेर काढायला लावलं. "आज लक्ष्मी यायची. तिनं दारात आधी तुझी तांबडी बघायची का?"

"आत्याबाई, अमावस्या आहे. डाल्याखाली तरी झाकू द्या."

"झाकून ठेवलेल्याची परीक्षा कसली? काय व्हायचं ते होऊ दे." आणि वर हुकूम: "फराळाच्या नादात भांडी राहिलीत. पूजेच्या आत सगळी घासून काढ."

मी मनात म्हटलं, घासते, पण पिल्लांना सोडून हलत नाही. तांबडीच्या शेजारीच बैठक मारली. चिंच, राख, काथ्या. एकेक हंडा, तांब्या, समई, परात घासायची, धुवायची आणि तिच्याभोवती उन्हात पालथी घालायची. माझं अर्धं लक्ष आकाशाकडे. आळी चिडीचूप होती.

सावली आली. तांबडीनं हाक दिली, पिल्लं तिच्या पंखाखाली पळाली, पण एक वेंधळं दूरच राहिलं. घार पंख मिटून खाली कोसळली. मी उठायच्या आत ती घंगाळाच्या वर आली होती. आणि तिथं, कुणी तोंडावर पाणी मारावं तशी ती दचकली! अर्ध्या हवेत उलटी झाली, पंख फडफडवले आणि तांबटदादांच्या कौलांवर जाऊन बसली. जरा वेळानं पुन्हा आली. पुन्हा तेच. दारात आत्याबाई रांगोळीची चिमूट धरून उभ्या होत्या. चिमूट रिकामी झाली तरी त्यांना पत्ता नव्हता.

माझी नजर घंगाळावर गेली. उन्हानं ते असं पेटलं होतं की मलाच बघवेना. आणि रोज, अमावस्या सोडून रोज, याच जागी दादांची भांडी...

आता शहाण्या बाईनं देवाचे आभार मानून गप्प बसावं. पण मला खात्री करायची खोड. मी वाळत घातलेलं लुगडं ओढलं आणि भांड्यांवर पसरलं. अंगण विझलं. कौलांवर घारीनं मान पुढे काढली. पंख सैल केले.

"अगं काय करतेस!" आत्याबाई ओरडल्या.

"बघते, आत्याबाई."

"बघतेस काय, मेले! पिल्लू जाईल ना! काढ ते!"

मी काढणारच होते. पण त्याआधी, गुडघे दुखतात म्हणून पाटावरून उठायला माझा हात मागणाऱ्या आत्याबाईंनी उंबऱ्यावरून उडी घेतली, लुगडं खेचून फेकलं आणि घंगाळ दोन्ही हातांनी उचलून घारीच्या तोंडावर ऊन मारलं. "जा! जा म्हणते ना! आमच्या पिल्लांवर डोळा ठेवतेस?"

घार गेली. पार पिंपळापलीकडे. आत्याबाई घंगाळ धरून धापा टाकत होत्या. मला 'आमच्या' हा शब्द ऐकू आला होता, पण मी खाली बघून लुगडं झटकू लागले. बुधवारच्या बाजाराचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

त्याची किंमत मात्र मला भरावी लागली. पुढच्या अमावस्येला उजाडायच्या आत हाक आली. बाहेर जाऊन बघते तो घरातलं एकूण एक भांडं अंगणात, चिंच भिजवलेली, आणि पाट टाकून आत्याबाई तांबडीच्या पिल्लांना कण्या घालताहेत.

"उठलीस? घास पटापट. ऊन वर यायच्या आत लखलखली पाहिजेत," त्या म्हणाल्या. "आणि ती परात जरा पलीकडे सरकव. तांबडीला तिथं धुळीत लोळायला आवडतं."