बरणीतले दहा बेडूकमासे

मेलेले प्राणी टिकवायच्या फॉर्मलिनच्या वासानं लोक नाक मुरडतात, मला मात्र हसू फुटतं. नव्वदच्या दशकात नाशिकला प्राणिशास्त्र शिकताना मी सायखेड्याच्या एका मळ्यातली विहीर तपासायला गेले होते. शेजारच्या टोमॅटोवर फवारलेलं औषध पाण्यात उतरलं, तर नाजूक कातडीच्या बेडूकमाशांना ते आधी बाधतं. मी विहिरीतले दहा बेडूकमासे त्याच पाण्यासकट बरणीत भरले आणि तासाभरात दहाही उलटे तरंगले! हात उंचावून मी जाहीर केलं, "थेंबभरही पिऊ नका!" मळ्यातल्या काकू दोन दिवस गावातल्या हापशावरून हंडे वाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशी आमचे सर आले, त्यांनी बरणी नुसती हुंगली आणि कपाळाला हात लावला. "अगं, हिच्यात आपला फॉर्मलिनमधला सरडा होता! धुतली होतीस का?" मग काकूंच्या घासलेल्या पातेल्यात विहिरीचं पाणी भरून नवे बेडूकमासे सोडले, ते संध्याकाळपर्यंत शेपट्या नाचवत हुंदडले आणि माझा जीव भांड्यात पडला. काकूंनी तांब्या पुढे केला. "लय भाषण ठोकलं व्हतं ना ताई? आता पयला घोट तुमचा." मी अख्खा तांब्या रिचवला. काकूंनी मला दहा मिनिटं वरपासून खालपर्यंत निरखलं आणि मगच स्वतः पाणी घेतलं. इतकी कडक तपासणी मी आजवर कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिलेली नाही.